वकील दिला होता ना!

"वकील दिला होता ना त्याला? तिन्ही कोर्टांत दिला होता. मग आता कसली तक्रार?"

हे वाक्य मी नात्यागोत्यात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत इतक्यांदा ऐकलं आहे की आज त्याच्याशी जरा भांडायचं ठरवलं आहे. मंडळी, मी काही कायदा शिकलेली नाही. मराठी माध्यमातून बी. ए. केलं, बी. एड. केलं आणि जन्मभर शाळेत शिकवलं. पण निवृत्तीनंतर हाताशी वेळ आहे आणि न्यायालयांचे निकाल आता घरबसल्या वाचता येतात. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचते. समजलं नाही तर भाच्याला विचारते (तो वकील आहे, आणि मावशी फार प्रश्न विचारते अशी त्याची कुरकूर असते!).

तर विषय पुण्याचाच आहे. २६ ऑगस्ट १९९४. पौड रस्त्यावरच्या राठी कुटुंबातल्या सात जणांची एका दिवसात हत्या झाली. पाच स्त्रिया, त्यातली एक गर्भवती, आणि दोन लहान मुलं. त्या वेळी पुण्यात राहत असलेल्या कुणालाही हे विसरता येणार नाही. आम्ही कोथरूडमध्येच राहत होतो. आमच्या इमारतीत आठ दिवसांत घराघराला जाळीचे दरवाजे बसले, आणि "कोण आहे?" असं विचारल्याशिवाय कडी काढायची नाही हे पोरांना तेव्हापासून शिकवलं गेलं. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना कुणाला वाटेल की बाईंना त्या सात जिवांची आठवण नाही. आठवण आहे म्हणूनच लिहिते आहे.

तिघांना अटक झाली. एक माफीचा साक्षीदार झाला. उरलेल्या दोघांना पुण्याच्या सत्र न्यायालयाने फेब्रुवारी १९९८ मध्ये फाशी सुनावली. जुलै १९९९ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम केली, सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली, आणि त्याच वर्षी फेरविचाराचा अर्जही फेटाळला गेला. म्हणजे अडीच-पावणेतीन वर्षांत सगळ्या पायऱ्या संपल्या. आपण सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

आणि मग २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. 'नारायण चेतनराम चौधरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य'. त्या दोघांपैकी एक, नारायण, हा गुन्ह्याच्या वेळी बारा वर्षं सहा महिन्यांचा होता असं न्यायालयाने मान्य केलं. बालगुन्हेगाराला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. हा २८ वर्षांहून जास्त काळ तुरुंगात होता, त्यातली बरीच वर्षं डोक्यावर फाशी घेऊन. न्यायालयाने त्याला ताबडतोब सोडायला सांगितलं.

त्या दिवशी मला किमान पाच फोन आले. "वाचलंत का? सुटला!" सगळ्यांचा सूर एकच. आता म्हातारपणी वयाचं निमित्त काढून वकिलांनी सोडवला. मी म्हटलं, अहो, निमित्त कसलं? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली हे प्रकरण चौकशीसाठी आपल्याच पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवलं होतं. त्यांनी कागद तपासले आणि अहवाल दिला. निकालात कुठेही 'तो निर्दोष आहे' असं म्हटलेलं नाही. त्याचं वय काय होतं एवढाच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मिळालं. ते कशावरून मिळालं हे मला, एका शिक्षिकेला, फार महत्त्वाचं वाटतं.

ते मिळालं शाळेच्या नोंदीवरून. राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या शाळेत त्याचं नाव आणि जन्मतारीख लिहिलेली होती. नाव तिथे 'निरानाराम' असं होतं, खटल्यात 'नारायण' झालं. शाळेत काम केलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. घरी एक नाव, रजिस्टरात दुसरं, आणि कामावर मुकादमाने ठेवलेलं तिसरं, अशी किती मुलं आमच्या हाताखालून गेली. जनरल रजिस्टर ही शाळेतली सर्वांत जपलेली वही. त्यात खाडाखोड करायची नाही, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे. वीस-पंचवीस वर्षांनी माणसं दाखला मागायला यायची आणि अर्ध्या तासात तो मिळायचा. ही नोंद १९९४ साली त्या गावात होती, १९९८ साली होती, २००० सालीही होती. ती कुणी मागितली नाही, एवढंच.

आता मला सांगा, ती कुणी मागायची?

पोलिसांनी वय विशीच्या घरातलं लिहिलं. ठीक आहे, त्यांनी चौकशी करायला हवी होती, केली नाही. पण अपील म्हणजे काय असतं? खालच्या कोर्टात जे राहून गेलं, चुकलं, ते वरच्या कोर्टासमोर ठेवायची संधी. साक्षीदार तिथे पुन्हा बोलत नाहीत, आरोपी बहुधा समोर उभाही नसतो. असतात फक्त कागद आणि कागदांवर बोलणारा वकील. अपिलात आरोपीचे डोळे, कान आणि तोंड म्हणजे तो एक माणूस. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तीन ठिकाणी फाशीवर सुनावणी झाली आणि तिन्ही ठिकाणी 'याचं खरं वय किती' हा प्रश्न आला नाही. वयाचा दावा घेऊन कोर्टात अर्ज झाला तो २०१८ साली.

त्या वेळच्या वकिलांवर मला चिखलफेक करायची नाही. ते कोणत्या परिस्थितीत काम करत होते, त्यांना काय सांगितलं गेलं, हे मी बघायला गेले नव्हते. आणि सर्वोच्च न्यायालयानेही 'वकील कमी पडले' असा निकाल दिलेला नाही. फक्त वय ठरवलं. माझं भांडण इथेच आहे. 'वकील कमी पडला का?' हा प्रश्न सरळ विचारायची सोयच आपल्याकडे नाही.

कुणी म्हणेल, त्याने स्वतः का नाही सांगितलं? अहो, तिसरी-चौथीपर्यंत शिकलेला, परमुलखात पकडलेला मुलगा. त्याला 'अल्पवयीन असणं' हा कायद्यातला बचाव आहे हे कुणी सांगायचं? ते सांगणं हेच तर वकिलाचं काम. नववीच्या वर्गात मुलांना प्रश्न कळला नाही तर ती गप्प बसतात. गप्प बसलेल्याला उत्तर येत नाही असं धरून चालणाऱ्या शिक्षकाला आम्ही चांगला शिक्षक म्हणत नसू.

नारायणला दार उघडलं ते एका कलमामुळे. बालन्याय कायदा, २०१५, कलम ९, पोटकलम २. त्यात म्हटलं आहे की वयाचा दावा कुठल्याही टप्प्यावर, खटला कायमचा निकाली निघाल्यावरसुद्धा करता येतो. फार शहाणपणाची तरतूद आहे. पण ती वयापुरतीच आहे! वकिलाने वयाऐवजी दुसरं काही सांगायचं सोडलं असतं, म्हणजे आरोपी त्या दिवशी दुसऱ्या गावात होता याचा पुरावा, एखादा वैद्यकीय कागद, साक्षीतली मोठी विसंगती, तर असं कुठलंही दार नव्हतं. फेरविचार याचिका, तीही नामंजूर झाली तर उपचारात्मक याचिका, आणि शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. यातल्या कुठल्याही ठिकाणी 'माझ्या वकिलाने काम केलं नाही' असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तेच उत्तर उमटतं: वकील दिला होता ना!

हे एकाच खटल्याचं आहे असं वाटत असेल तर आपल्याच राज्यातलं दुसरं एक प्रकरण पाहा. जून २००३ मध्ये दरोडा, बलात्कार आणि पाच खून झाले. भटक्या जमातीतल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच तो निकाल मागे घेतला, अपील नव्याने ऐकलं आणि ५ मार्च २०१९ ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला महाराष्ट्र सरकारला सांगितलं. सोळा वर्षं गेली. आणि निर्दोष ठरवण्यामागे एक मोठं कारण काय, तर घटनेत वाचलेल्या महत्त्वाच्या साक्षीदाराने सुरुवातीलाच पोलिसांकडच्या फोटोंमधून भलतीच चार माणसं ओळखली होती. म्हणजे हा मुद्दा कुठल्या नव्या शोधातून आला नाही. कागदपत्रांत होता. तेच कागद तीन कोर्टांतून फिरून आले होते. इथेही न्यायालयाने ठपका ठेवला तो तपासावर, वकिलांवर नाही. पण कागद वाचून बोट ठेवणारा कुणी वेळेवर उभा राहिला असता, तर ही सोळा वर्षं काही कमी झाली नसती का?

आता थोडा इतिहास. अपिलात गरीब कैद्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हा हक्क आपल्या देशात ज्या निकालाने पक्का केला त्याचा संबंध येरवड्याशी आहे, हे किती पुणेकरांना ठाऊक आहे? 'एम. एच. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य', १७ ऑगस्ट १९७८, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर. विद्यापीठात शिकवणारा एक गृहस्थ कर्नाटकातल्या विद्यापीठाचा बनावट शिक्का करून घेण्याच्या प्रकरणात सापडला. खालच्या कोर्टाने नाममात्र शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. वर अपील करायचं तर निकालाची नक्कल हवी. उच्च न्यायालयाने ती येरवडा तुरुंगाच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. कैदी म्हणाला, मला मिळालीच नाही. आणि मिळाल्याची त्याची सही कुठेच नव्हती! तो सर्वोच्च न्यायालयात पोचेपर्यंत शिक्षा भोगून झाली होती. न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला, पण नियम घालून दिला: निकालाची नक्कल कैद्याला फुकट आणि वेळेवर द्या, सही घ्या, आणि अपिलासाठी वकील करण्याची ऐपत नसेल तर सरकारने वकील द्या. राज्यघटनेचं २१ वं कलम तेच सांगतं असं न्यायालय म्हणालं.

उत्तम. पण वकील 'द्या' इथेच गाडी थांबली. तो वकील काय करतो हे बघायचं कुणी?

गंमत म्हणजे वकील हजरच नसेल तर काय, यावरसुद्धा न्यायालयांचं अनेक वर्षं एकमत नव्हतं. १९९६ साली 'बानी सिंग' प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की वकील आला नाही म्हणून अपील तसंच फेटाळू नका, कागद वाचून निकाल द्या. आरोपी तुरुंगात असेल तर पुढची तारीख देणं इष्ट. २०११ साली 'शुकूर अली' प्रकरणात दोन न्यायमूर्तींनी सांगितलं की वकिलाविना फौजदारी अपील ठरवूच नये, न्यायमित्र नेमा. २०१३ साली 'पांडुरंग' प्रकरणात दुसऱ्या दोघांनी म्हटलं की १९९६ चा मोठ्या पीठाचा निकाल असताना २०११ चा बंधनकारक नाही, वकील नसला तरी न्यायालय कागद वाचून गुणदोषांवर अपील ठरवू शकतं. आता एखाद्या सामान्य माणसाने काय समजायचं? शाळेत शिक्षक गैरहजर असला तर आम्ही बदली शिक्षक पाठवायचो, आणि तो तास 'शिकवला' असं दप्तरात लिहीत नव्हतो.

सुधारणा झाल्या नाहीत असं नाही, खोटं कशाला बोलू? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ पासून लागू झाला. त्यात कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. २०१९ साली 'अनोखीलाल' प्रकरणात (तिथे तर वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले होते!) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्राची किमान १० वर्षं वकिली हवी आणि तयारीला साधारणपणे किमान ७ दिवस हवेत. १९७३ च्या संहितेतलं सरकारी वकील देण्याचं कलम सत्र न्यायालयातल्या खटल्यापुरतं बोलत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत तिथे 'अपील' हा शब्दही आला. हे सगळं चांगलंच आहे. पण हे सगळं वकील मिळेपर्यंतचं. मिळालेला वकील फसला तर काय, हे विचारलं की पुन्हा शांतता.

अमेरिकेचं सगळंच चांगलं असं मानणाऱ्यांपैकी मी नाही (तिकडच्या भाच्यांनी रागावू नये). पण तिथे हा प्रश्न निदान नाव घेऊन विचारला गेला. १९८४ साली 'स्ट्रिकलंड' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कसोटी ठरवली: वकिलाचं काम वाजवी दर्जापेक्षा खाली होतं का, आणि ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती का? दोन्ही दाखवा. १९८५ साली 'एव्हिट्स विरुद्ध ल्यूसी' खटल्यात तेच तत्त्व पहिल्या अपिलाला लावलं. तिथे केंटकी राज्यातल्या वकिलाने नियमाप्रमाणे जोडायचा एक कागद जोडला नाही आणि अपील गेलं. न्यायालय म्हणालं, ही शिक्षा आरोपीने का भोगायची? ही कसोटी पार करणं तिथेही फार कठीण आहे. पण दार आहे, आणि त्यावर पाटी आहे.

आपल्याकडे २०१४ साली त्रिपुरातल्या एका फाशीच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने या कसोटीची चर्चा केली, पण त्या खटल्यात वकिलाची कसूर मानली नाही. २०१५ साली दिल्लीतल्या टॅक्सीतल्या बलात्काराच्या खटल्यात नवे वकील म्हणाले, आधीचा वकील कच्चा होता, साक्षीदार पुन्हा बोलवा. सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. तो नकार मला पटतो बरं का! त्या मुलीला पुन्हा पिंजऱ्यात उभं करायचं हा क्रूरपणाच झाला असता. पण साक्षीदाराला पुन्हा छळणं वेगळं आणि फायलीतच असलेला किंवा शाळेच्या कपाटात पडलेला कागद बघणं वेगळं.

आता आक्षेप. पहिला: "मग प्रत्येक जण वकिलावर खापर फोडेल." फोडू दे की. नापास झालेला प्रत्येक विद्यार्थीही म्हणायचा, पेपर नीट तपासला नाही. म्हणून पुनर्तपासणी बंद झाली नाही. शुल्क, मुदत आणि नियम ठरले. बहुतेकांचे गुण तेच राहिले, काहींचे बदलले. त्या काहींसाठीच ती सोय होती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: "ज्यांची माणसं गेली त्यांना कधी शेवट बघायला मिळणार?" याचं उत्तर देताना माझाही आवाज खाली येतो. पण राठी कुटुंबाच्या बाबतीत झालं काय? १९९८ साली एक कागद मागवला असता तर योग्य तो निर्णय तेव्हाच लागला असता. तो मागवला नाही म्हणून प्रकरण २०२३ पर्यंत चाललं, आणि त्या घरातल्यांना जखम पुन्हा उघडताना बघावी लागली. त्या दुसऱ्या प्रकरणातल्या कुटुंबाला तर सोळा वर्षांनी कळलं की ज्यांना फाशी होणार होती त्यांनी हे केल्याचं सिद्धच झालेलं नाही, आणि खरे कोण ते आता सापडणंही अवघड. कच्च्या वकिलाने आरोपी बुडतो, आणि त्याच्याबरोबर फिर्यादीही बुडतो.

माझं मागणं फार मोठं नाही. एक, जन्मठेप किंवा फाशीच्या अपिलात वकील आरोपीला किमान एकदा तुरुंगात जाऊन भेटला, आणि वय, शिक्षण, आजार, त्या दिवशीचा ठावठिकाणा एवढं तरी विचारून लिहून घेतलं, याची सहीनिशी नोंद फायलीत असावी. १९७८ साली निकालाच्या नकलेसाठी सही लागू केली ना? मग भेटीसाठी का नाही? दोन, 'अपिलातल्या वकिलाच्या गंभीर कसुरीमुळे निकालावर परिणाम झाला' या एका कारणासाठी, मुदत आणि कसोटी घालून, शिक्षा पुन्हा तपासायची स्पष्ट तरतूद कायद्यात यावी, वयाला आहे तशीच. तीन, सरकारी पॅनेलवरच्या वकिलांना असं मानधन मिळावं की त्यांना फाईल वाचायला वेळ काढणं परवडेल. फुकट मिळतो तो वकील कच्चाच असतो असं मी म्हणत नाही. मन लावून काम करणारी मुलंमुली त्यात आहेत, माझे दोन विद्यार्थीही आहेत. त्यांना तयारीला वेळ आणि पुरेसा पैसा द्या, मग काम झालं का ते विचारा.

पुढच्या वेळी कुणी "वकील दिला होता ना" म्हणालं, तर एवढंच विचारा: त्याने फाईल उघडली होती का? आणि उघडली नसेल तर ते आज कोणत्या कोर्टात सांगता येतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत मी तरी हा विषय सोडणार नाही. भाच्याने फोन बंद ठेवला तरी चालेल.